ढग म्हणून टाकलेलं पाणी

समुद्रात तरंगणारा तापमापक बोया दुरुस्त करायला गेलेल्या मेकॅनिकचा फोन सव्वादहाला आला आणि पहिलंच वाक्य तो असं बोलला की चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. "मॅडम, बोया ठणठणीत आहे. आता दुरुस्त काय करू?" मागे होडीच्या इंजिनाची घरघर होती, वारा होता, आणि कोणीतरी दोर सैल सोड म्हणून ओरडत होतं. मी त्याला माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे मंद माणसाला समजवायच्या आवाजात, सांगितलं की हा बोया सहा दिवस पाण्याचं तापमान अठरा दाखवतोय, आमच्या नकाशावर तिथे पंचवीस आहे, सात डिग्रीचा फरक म्हणजे सेन्सर गेलाय, तो बदला आणि परत या. तो म्हणाला, "बदलला ना. नवीन पण अठराच म्हणतोय. मग मी बादलीनं पाणी वर ओढलं, त्यात माझा स्वतःचा थर्मामीटर घातला. अठरा पॉइंट दोन. म्हटलं आपलंच काहीतरी चुकत असेल, म्हणून बादलीत पाय घालून बसलो. मॅडम, पंचविसाच्या पाण्यात पाय बधिर होत नाहीत." मी म्हटलं, बघते. फोन ठेवला. चहा निवला होता, तो पिऊन टाकला, कारण गरम करून आणायचा तर खोलीबाहेर जावं लागलं असतं आणि माझं तोंड त्या वेळी कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

माझं काम काय, असं कोणी विचारलं की आई सांगते, ती समुद्राचा ताप बघते. तेवढं पुरे आहे खरं तर. आठशे किलोमीटर वरून एक उपग्रह जातो, समुद्रातून निघणारी उष्णता टिपतो, आणि आम्ही चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत बसून त्याचा नकाशा करतो, एक किलोमीटरचा एक चौकोन, चौकोनाला एक आकडा. उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा दिसतो, केसाच्या जाडीचा. त्याच्याखाली काय चाललंय ते त्याला कळत नाही. आणि मध्ये ढग आला की तोही दिसत नाही, ढगाचाच माथा दिसतो. ढग पाण्यापेक्षा गार. म्हणून कुठला चौकोन फारच गार दिसला तर तो समुद्र नसून ढग आहे असं समजायचं आणि टाकून द्यायचा, रिकाम्या जागी आजूबाजूच्या आणि मागच्या काही दिवसांच्या आकड्यांचं ठिगळ लावायचं. ही पाखडापाखड करणाऱ्या चाळण्या सहा आहेत. सहावी माझी. त्या तारखेला त्या जागी वर्षानुवर्षं जे तापमान असतं त्याच्यापेक्षा चार डिग्रीहून जास्त गार आढळलं तर ढग, असं ती म्हणते. अकरा वर्षं म्हणतेय. वीस हजार लोक रोज सकाळी आमचा नकाशा उघडतात आणि कोणी कधी तक्रार केली नाही, याचा मला अभिमान होता, आणि मी तो लपवायचेही नाही.

टाकून दिलेले चौकोन आम्ही फेकत नाही, वेगळ्या फायलीत ठेवतो. ती फाइल कोणी उघडत नाही. मी उघडली. बोयाच्या आसपास, किनाऱ्याला चिकटून, सहा दिवस एक लांबट तुकडा टाकून दिलेला होता, अठरा, अठरा, एकोणीस, आणि त्या भागाचे साधे फोटो पाहिले तर आकाश स्वच्छ, ढगाचा पुंजकाही नाही. पहिल्या पाच चाळण्यांतून तो तुकडा बिनबोभाट पार झाला होता. अडकला तो माझ्यापाशी. वारा किनाऱ्याला समांतर जोरात वाहिला की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं, हे शाळेतली मुलंही सांगतील. मी तर त्यावर व्याख्यानं दिलीत. म्हणून किनाऱ्यालगत चारऐवजी आठचा आकडा ठेवायचा असं आमचं ठरलेलं होतं. मी चाळणीची ओळ उघडून बघितली. सगळीकडे चार. आणि शेजारी माझीच टीप, एका शब्दाची: तात्पुरतं.

तो दिवस मला आठवला. नवीन उपग्रह सुरू होणार होता, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, आणि त्या वेळचे आमचे साहेब, आम्ही त्यांना मागे म्हातारबा म्हणायचो, माझ्या खुर्चीमागे उभे राहून नकाशाकडे बघत होते. किनाऱ्यालगत आठ ठेवलं की कडेला खरे ढगही शिरायचे, नकाशाच्या काठाला उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसायचं. म्हातारबा म्हणाले, "हे काय गं, खरूज झाल्यासारखं." मी म्हटलं, थांबा, आणि सगळीकडे चार केलं. कडा गुळगुळीत झाली. "हां," ते म्हणाले, "आता कसा गोड दिसतोय समुद्र." मला अजून तो आनंद आठवतो. किनाऱ्याचं नंतर बघू म्हटलं होतं. पाहुणे आले, टाळ्या झाल्या, मग दुसरी कामं आली, आणि अकरा वर्षं तो समुद्र गोड दिसत राहिला.

बरं, बोये होते ना समुद्रात, त्यांनी कसं नाही सांगितलं, असं कोणी विचारेल. सांगितलं की. दर वेळी सांगितलं. नकाशात आणि बोयात फरक पडला की नियमाप्रमाणे आम्ही बोयाला खोटा ठरवायचो आणि मेकॅनिकला पाठवायचो. होडी मिळून तो पोचेपर्यंत आठ-दहा दिवस जायचे, तोवर वारा पडलेला असायचा, गार पाणी खाली गेलेलं असायचं, आणि बोया पुन्हा आमच्यासारखंच बोलायला लागलेला असायचा. मेकॅनिक सेन्सर पुसायचा, तारा हलवून बघायचा, आम्ही वहीत लिहायचो: दुरुस्त. मी त्या दिवशी मोजलं. अकरा वर्षांत सतरा वेळा आम्ही धडधाकट बोये दुरुस्त केले होते. या खेपेला होडी जवळच होती म्हणून तो लवकर पोचला, एवढंच.

आत्ताच्या साहेबांकडे गेले. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, मला अहो-जाहो करतात, आणि कधीही आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोयच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा डोळे चोळले आणि म्हणाले, "जुना सगळा डेटा पुन्हा चाळावा लागेल. चारेक महिने. मी वर कळवतो. तुम्ही नोट लिहा, चूक काय होती ते सरळ लिहा, सारवासारव नको." मी म्हटलं, माझं नाव घालते. ते म्हणाले, "नावाची गरज नाही. बघायला आम्ही सगळेच होतो." हा चांगुलपणा मला झेपला नाही. ओरडले असते तर तिथेच विषय संपला असता आणि मी रडून, तोंड धुऊन जागेवर बसले असते. आता मी बाहेर येऊन नुसतीच जागेवर बसले. नोट लिहायला अर्धा तास लागला. लिहायला सोपी होती. मला दुसरीच तारीख उघडायची होती, आणि ती कुठली हे मला मेकॅनिकचा फोन ठेवल्यापासून माहीत होतं.

मी आधी कप धुतला. मग टेबलावरचे कागद सरळ केले. मग खिडकीचा पडदा उगाच अर्धा ओढला. दादाचे त्या किनाऱ्यावर माशांचे पिंजरे होते, समुद्रात नांगरलेले बारा मोठे जाळ्यांचे पिंजरे, नोकरी सोडून उभे केलेले. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आणि लहानपणापासून माझ्या हुशारीचा त्याला माझ्याहून जास्त गर्व. रोज सकाळी तो आमचा नकाशा उघडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, हा माझ्या बहिणीचा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चार दिवसांत सगळे मासे मेले. पांढरी पोटं वर करून. आठवड्याभराने आम्ही आईकडे जेवायला जमलो तेव्हा दादा, वहिनी, त्यांची मुलगी अशी तिघं एका बाजूला बसली होती. मुलगी एकोणीस वर्षांची. सुट्टीत बापाच्या हाताखाली होती, सकाळ-संध्याकाळ खाद्य तीच टाकायची, फळ्यावर लिहिलेल्या वजनाप्रमाणे, चोख. आईने विचारलं, असं कशानं रे झालं. आणि मी उत्तर दिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, त्या आठवड्यात तिथलं पाणी साडेपंचवीस होतं, मी नकाशा पाहिलाय, इतक्या गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी, त्यात खाद्य निम्मं करायचं सोडून पूर्ण टाकत राहिलात, ते कुजलं, मासे गुदमरले. साधी गोष्ट आहे. साधी गोष्ट आहे असं मी खरंच म्हणाले.

दादा म्हणाला होता, "पाणी गरम नव्हतं गं. गार होतं. मी हात घातला होता." आणि मी हसले. वाईट हसले नाही, लाडाने हसले, ते जास्त वाईट. म्हटलं, "दादा, हात म्हणजे काय उपकरण आहे का? पहाटे वारा लागला की कुठलंही पाणी गारच लागतं." तो एकदा मुलीकडे बघून पुन्हा म्हणाला, गार होतं. मी मोबाइल काढून टेबलावर नकाशा ठेवला, ताटांच्या मधोमध. सगळ्यांनी वाकून बघितला. केशरी रंग. मुलगी उठली, स्वतःचं ताट धुतलं, पालथं ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. दादाने पिंजरे विकले, शहरात आला, सार्वजनिक जलतरण तलावावर पाणी बघायच्या नोकरीला लागला. मुलगी दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात. वहिनी मध्ये एकदा म्हणाली होती की पोर आता वर्षभर फिरकली नाही, बापाचा फोनही उचलत नाही. मी म्हटलं होतं, या वयात मुलं तशीच असतात. माझ्याकडे कशालाही उत्तर तयार असतं.

तारीख उघडली. पिंजऱ्यांची जागा मला पाठ होती, दादानेच कौतुकाने कळवली होती, माझं शेत बघत जा वरून म्हणून. आधीपासूनचे सात दिवस आणि मासे मेले ते चार, असे अकरा दिवस तो चौकोन टाकून दिलेला होता. एकोणीस, अठरा पॉइंट नऊ, अठरा पॉइंट सहा. आकाश निरभ्र. तळातून वर आलेल्या त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. माशांना उपाशी ठेवलं असतं तरी ते मेलेच असते. आणि आम्ही तिथे ठिगळ लावलं होतं साडेपंचविसाचं, आजूबाजूच्या गोड समुद्रातून कापून. मला लाज वाटली. याला दुसरा शब्द मला सापडला नाही आणि शोधायचीही इच्छा नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं नाही.

तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन मांडीवर पडलं होतं, काच तापली होती, आणि मी काचेला पालथा हात लावून मनात अंदाज करत होते, एकतीस, बत्तीस. ही सवय जुनी. लहानपणी आई ताप बघायला कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, आहे थोडा, आणि मी थर्मामीटर लावून तिची चूक काढून दाखवायचे. पॉइंट दोनने चूक. आईला त्याचं कौतुक वाटायचं, दादालाही. या घरात माझी चूक कोणी काढलीच नाही. काढायला कोणाकडे काही नव्हतं, आणि ज्याच्याकडे होतं त्याला मी हसले. दादाला कळलं की काय होईल, याचा विचार मी तीन-चार तऱ्हांनी करून पाहिला. तो चिडेल, चिडू दे. पिंजरे गेले ते गेले, ते मी परत आणून देऊ शकत नाही. पण निदान त्याला कळेल की तो खरा होता, आणि मुलीला सांगता येईल की तुझ्या हातून काही झालं नव्हतं. त्यातल्या त्यात हे बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला. कसलीतरी चांगली बातमी घेऊन निघाल्यासारखी मी बसमध्ये सावरून बसले होते.

तलावावर मोठ्यांची पोहायची वेळ संपली होती आणि शाळेची तुकडी यायला पाऊण तास होता. आत क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर रबरी चपलांचा आवाज. दादा काठाशी उकिडवा बसून दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडत होता. मिनिटभर थांबला, वर काढला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला, मग भिंतीवरच्या फळ्यावर मार्करने लिहिलं: २७.५. मी आल्याचं बघून त्याला आनंद झाला. त्याला माझ्या येण्याचा नेहमीच आनंद होतो. "तू? या वेळी? आई बरी आहे ना?" मी म्हटलं, आई बरी आहे. बाकावर बसलो. मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, "दादा, दोन वर्षांपूर्वी तुझ्या पिंजऱ्यांचं पाणी गार होतं. अठरा पॉइंट सहा. नकाशा चुकीचा होता. चूक माझी होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "नाही गं. कोमट होतं."

"अरे, तूच म्हणाला होतास. हात घातला होता म्हणालास, आईकडे, जेवताना."

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "पोरीसाठी. तू खाद्याचं बोललीस आणि तिचा चेहरा असा उतरला, काहीतरी बोलायला हवं होतं ना. बोलून गेलो. तेव्हा वाटलंही असेल मला तसं, कोण जाणे. नंतर मी पुष्कळ आठवून बघितलं. कोमटच होतं. खरं सांगायचं तर हात घातला होता की नाही तेही आता सांगता येत नाही मला."

मी बॅगेतून कागद काढला आणि त्याला सगळं समजावलं. चाळण्या, चारचा आकडा, किनारा, वारा, मेकॅनिकची बादली. त्याने सगळं नीट ऐकलं, मधे दोन शंकाही विचारल्या, अगदी बरोबर जागी. माझं बोलणं तो असंच ऐकतो, तसं माझं कोणीच ऐकत नाही. अकरा दिवसांचे आकडे मी बोटाने एकेक दाखवले. तो प्रत्येकावर मान हलवत गेला. मग म्हणाला, "म्हणजे खाद्याचं काय?"

"खाद्याचा काही संबंध नाही. एक चिमूटही टाकलं नसतं तरी हेच झालं असतं. तिच्या हातून काही झालेलं नाही, दादा. आणि तू खोटं बोलला नव्हतास."

त्याने चष्मा काढला. काचा सदऱ्याला पुसल्या, स्वच्छ होत्या तरी पुसल्या. पाण्यावर छतावरच्या दिव्यांचे पट्टे हलत होते, पंप कुठेतरी खाली धडधडत होता. मी त्याच्या चेहऱ्यावर सुटकेची वाट बघत होते, हे कबूल करते. ती आली नाही.

"गेल्या वर्षी ती आली होती चार दिवस," तो म्हणाला. "आम्ही दोघंच होतो एका संध्याकाळी. ती म्हणाली, बाबा, सगळे काही म्हणोत, तुम्ही हात घालून पाहिलं होतं, मी तेवढं धरून आहे. मला राहवलं नाही. म्हटलं पोरीला असं खोट्यावर किती दिवस उभं ठेवायचं. सांगून टाकलं. म्हटलं, बाळा, पाणी गार नव्हतं, मी तुझ्यासाठी तसं बोललो होतो. चुका होतात माणसाच्या हातून, आम्ही तुला दोष देत नाही. मला वाटलं, मोकळं वाटेल तिला." त्याने चष्मा पुन्हा लावला. "तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली."

मी कागदाची घडी घातली. म्हटलं, "आत्ता फोन कर तिला. मी बसते इथे."

"माझा उचलत नाही ती. आणि उचलला तरी मी काय सांगू? दोनदा दोन गोष्टी सांगितल्या तिला, आता तिसऱ्यांदा काय तोंडानं बोलू? तू कर. तुझ्यावर विश्वास ठेवेल ती. तुझ्यावर आम्ही सगळ्यांनीच ठेवला."

टोमणा असता तर बरं झालं असतं. दादाला टोमणे मारता येत नाहीत. मी फोन काढला, आणि माझ्याकडे पोरीचा नंबरही नव्हता. तो त्याने न अडखळता तोंडपाठ सांगायला सुरुवात केली, सावकाश, माझं बोट पोचेल अशा बेताने, आणि मी एकेक आकडा दाबत गेले.